पाच डिस्ट्रोंचा मेनू मोडला, आता मशीनवार वाटणी

डेस्कटॉपवरचा लांबलचक ग्रब मेनू (मशीन सुरू होताना कुठली सिस्टीम हवी ते विचारणारी यादी) अखेर मोडीत काढला. एकाच एसएसडीवर डेबियन, फेडोरा, टम्बलवीड, मिंट, आर्च हे लिनक्सचे पाच डिस्ट्रो (म्हणजे तयार संच) आणि दादाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुरतं विंडोज असा सगळा पसारा होता. चार लोकांना दाखवायला झकास, पण कामाला बसलं की हात डेबियनवरच जायचा आणि बाकीचे नुसते अपडेट मागत बसायचे. आता डेस्कटॉपवर डेबियन १३, टम्बलवीड आणि विंडोज एवढंच राहिलंय. मिंट बाबांच्या लॅपटॉपवर गेला, फेडोरा माझ्या. आर्चला तूर्तास रजा.

मेनू ठेवायचाच असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधून मेनूत घालणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. त्यामुळे नवा डिस्ट्रो टाकल्यावर जुना मेनूत दिसला नाही, तर तो उडालाय असं समजू नका. ग्रबच्या सेटिंगमध्ये प्रोबर चालू करून मेनू पुन्हा तयार करा. दुसरं म्हणजे मिंट आणि उबुंटू शेजारी-शेजारी टाकू नका. बूटच्या फाइल जिथे असतात त्या ईएफआय पार्टिशनमध्ये दोघंही ‘उबुंटू’ याच नावाच्या फोल्डरवर हक्क सांगतात आणि जो शेवटी आला त्याचं राज्य चालतं. मी तर आता प्रत्येकाचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा ग्रबसारखा प्रोग्राम) वेगळाच ठेवतो आणि मशीन सुरू होताना फर्मवेअरच्या बूट मेनूतून निवड करतो. एकाचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला म्हणून दुसऱ्याच्या ग्रबला हात लावावा लागत नाही.

होम पार्टिशन (वापरकर्त्याच्या फाइल आणि सेटिंगची जागा) सगळ्यांत सामायिक ठेवावं, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. माझं मत विरोधात आहे. डेबियनचा फायरफॉक्स ईएसआर, म्हणजे सावकाश बदलणाऱ्या, मालिकेतला, टम्बलवीडचा अगदी ताजा. ताज्याने एकदा प्रोफाइल उघडलं की जुना ते उघडायला साफ नकार देतो आणि नवीन प्रोफाइल बनवा म्हणतो. प्लाझ्मा या डेस्कटॉप वातावरणाच्या सेटिंगचंही तसंच: एका बाजूला नवी आवृत्ती, दुसरीकडे जुनी, आणि पॅनेल कुठल्या कुठे. म्हणून होम ज्याचं त्याच्याकडे ठेवलंय. फोटो, कागदपत्रं, गाणी यांचं वेगळं पार्टिशन दोन्हीकडे माउंट होतं (जोडलं जातं). एवढंच बघायचं की वापरकर्त्याचा क्रमांक दोन्हीकडे सारखा हवा. पहिल्याला १००० मिळतो, तेव्हा इन्स्टॉल करताना आधी स्वतःचं खातं काढलं की प्रश्न मिटतो.

घड्याळाचा घोळ भारतात लगेच ओळखू येतो. विंडोजमध्ये वेळ नेमकी साडेपाच तास मागे दिसली, की समजायचं लिनक्सने मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलंय आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ मानतंय. विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी पाळायला लावलं. उलटंही करता येतं, पण दोन लिनक्सना समजावण्यापेक्षा एका विंडोजला समजावणं सोपं.

आता नेटबुक. या महिन्याचा सगळा आनंद त्यातच आहे. ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, प्रोसेसर फक्त ३२ बिटचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, त्यामुळे स्वारी डेबियन १२ वरच थांबली. त्याचा दीर्घकालीन सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे, तोवर चिंता नाही. ब्राउझर चालवायची त्याची ताकद कधीच संपली. म्हणून डेस्कटॉप वातावरण काढून टाकलं, यूएसबी हार्ड डिस्क जोडली आणि ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरलेली पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, साठवून ठेवणारा प्रोग्राम) बसवला. डेबियन आणि मिंट दोघांचीही पॅकेजं आता याच्यामार्फत येतात. एकदा उतरलेलं पॅकेज तीच रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) वापरणाऱ्या दुसऱ्या मशीनला घरातूनच मिळतं. लाइट गेली तर नेटबुकची स्वतःची बॅटरी आहेच.

बाबांचा लॅपटॉप विंडोज १० चा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या मशीनला चालत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणून तोच. बाबांची एकच अट होती: मराठी नीट दिसलं पाहिजे आणि टाइप झालं पाहिजे. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) थेट सापडतो, आयबस वगैरे वेगळ्या टायपिंग प्रोग्रामची गरज पडली नाही. शिफ्टबरोबर J दाबलं की ऱ, शिफ्टबरोबर N दाबलं की ळ, हे त्यांच्या बोटांत आधीपासूनच होतं. ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ असे शब्द काढून पाहिले. र चा आडवा फराटा सगळीकडे बरोबर आला. लिबरऑफिसमध्ये मात्र ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदीच्या जागी मराठी निवडली आणि अक्षरं आपल्या वळणाची झाली. अर्थात, फाँटमध्ये ती सोय असायला हवी. नोटो सान्स देवनागरीत आहे.

फेडोराबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण तो त्रासच देत नाही. एका आवृत्तीला साधारण तेरा महिने मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी उडी मारावीच लागते. टम्बलवीडवर बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या सिस्टीमची जपलेली प्रत) हेच खरं आकर्षण. मुद्दाम एक मोठा अपडेट करून बूट मेनूतून आदल्या स्नॅपशॉटमध्ये गेलो आणि स्नॅपर या साधनाने रोलबॅक केला, म्हणजे सिस्टीम जुन्या स्थितीत परत नेली. होम यात येत नाही हे लक्षात ठेवा, बॅकअपची जागा हा घेत नाही.

राहिलेलं काम डेबियन १३ च्या टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरचं. तो आता मूळ सेटिंगनुसार मेमरीत राहतो आणि निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतो. डेस्कटॉपला १६ जीबी आहे, तिथे काही बिघडत नाही. पण आत्याच्या ४ जीबीच्या जुन्या पीसीवर डेबियन १३ च टाकायचंय, तिथे मात्र पहिल्या बूटनंतर लगेच तो पुन्हा डिस्कवर आणणार.