सत्त्याण्णवावी ओळ

परवा दुपारी एका लांबलचक शीटमधली बेरीज का जुळत नाही ते शोधत खाली खाली सरकत होते. डोळ्यांवर झापड आलेली. 95, 96... आणि 97 आली तसं माझं बोट आपसूक एफ-5 वर गेलं.

ज्यांना कळलं त्यांना कळलं.

बाकीच्यांसाठी: एक्सेल 97 या हिशेबाच्या जुन्या प्रोग्राममध्ये एक खेळ लपवलेला होता. नवं कोरं शीट. एफ-5 दाबायचं, चौकटीत एक्स 97, मग कोलन, मग एल 97 असं लिहून एंटर. एकदाच टॅब, म्हणजे कर्सर एम 97 वर येतो. मग कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून वरच्या चार्ट विझार्डच्या, म्हणजे आलेख काढायच्या बटणाच्या, चित्रावर क्लिक. हा मंत्र मला पाढ्यांपेक्षा पक्का पाठ होता. काकांच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल-शिफ्ट सांभाळायचं काम माझं आणि क्लिकचा मान दादाचा. "शिफ्ट सोडू नकोस गं!" असं तो दरवेळी ओरडायचा आणि दरवेळी मी घाबरून सोडायचे. मग पुन्हा एफ-5.

जमलं की चौकटी गायब. समोर जांभळ्या टेकड्या, वर काळोख, आणि आपण उडतोय. विमान म्हणावं तर विमान दिसतच नसे. माउस हलवला की वळायचं, एक बटण दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की चक्क मागे! मागे उडणं मला फार आवडायचं. दादाला ते कमीपणाचं वाटे. बंदूक नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. दहा मिनिटांत दादा कंटाळायचा आणि मला माउस मिळायचा, त्यामुळे त्या खेळात काही नव्हतं याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

टेकड्यांमध्ये कुठेतरी एक काळी शिळा उभी असायची, तिच्यावर नावं वर सरकत जायची. दादाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "इथे उडताना मेलेल्यांची आहेत." मी त्या शिळेच्या आसपास फिरकायची नाही. ती एक्सेल बनवणाऱ्यांची नावं होती, हे कळायला मला कॉलेज उजाडावं लागलं.

काकांची चाहूल लागली की एस्केप. क्षणात टेकड्या गडप, पुन्हा चौकटी. "काय चाललंय?" "हिशेब शिकतोय." काका खूश. हिशेबाच्या पोटात लपलेल्या खेळाइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नव्हती. वर्ड 97 मध्ये म्हणे पिनबॉल होता आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये 95व्या ओळीतून एका भुताटकीच्या दालनात जाता यायचं. तिथे आम्ही कधी पोचलो नाही.

पुढे 2002 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षिततेचं वारं सुटलं आणि असल्या लपवाछपवीला बंदी आली. बरोबरच आहे म्हणा. पगाराच्या हिशेबात कुणी न सांगता टेकड्या ठेवल्या, तर आणखी काय काय ठेवलं असेल, असं कुणालाही वाटणारच. आज माझ्याच कामाच्या फायलीत असं काही सापडलं, तर मीच आधी आरडाओरडा करीन.

पण 97व्या ओळीत मी अजूनही महत्त्वाचा आकडा भरत नाही. ती ओळ रिकामी सोडते आणि 98 पासून पुढे जाते. सहकाऱ्यांनी विचारलं तर "वाचायला सोपं पडतं" असं ठोकून देते.

परवा मात्र गंमत म्हणून सगळं केलं. एक्स 97, कोलन, एल 97, एंटर, टॅब. कंट्रोल-शिफ्ट दाबून धरलं. आणि वर बघत बसले, कारण चार्ट विझार्डचं ते चित्र 2007 पासून एक्सेलमध्ये नाहीच. दोन बोटं तशीच दाबलेली. क्लिक करायला दादाही नाही. तो गेला त्याला आता सहा वर्षं होतील.

थोड्या वेळाने बोटं उचलली. चूक 41व्या ओळीत होती.