काळी जर्सी, कोनविक्तोर्स्का ६

शुक्रवार, रात्री उशिरा

आज ऑफिसात पुन्हा तेच. लेगिया आणि पोलोनिया हे वॉर्सातले दोन फुटबॉल क्लब. वॉर्सात राहतोस आणि लेगियाचा नाहीस? पोलोनियाचा आहे म्हटलं की समोरचा एक तर हसतो, नाही तर "अजून चालू आहे तो क्लब?" असं विचारतो.

चालू आहे. दोन लीग विजेतेपदं आहेत, १९४६ चं आणि २००० चं. मधल्या ५४ वर्षांत काय केलंत, असं लेगियावाले खवचटपणे विचारतात. त्याचं उत्तर द्यायचं तर पार १९११ पासून सुरुवात करावी लागते आणि तेवढा वेळ कॉफी मशीनपाशी कुणाला नसतो. म्हणून इथे लिहून ठेवतो.

१९११ मध्ये वॉर्सा झारच्या ताब्यात होतं. स्वतंत्र पोलंड १७९५ पासून नकाशावर नव्हता. अशा वेळी शहरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी आपल्या क्लबला देशाचंच लॅटिन नाव देऊन टाकलं. पुढे जर्सी काळी झाली. परतंत्र देशाचं सुतक म्हणून काळी, असं चाहते सांगतात. आजही त्यांना 'काळे सदरे' म्हणूनच ओळखतात. क्लबच्या मैदानापासून पाच-दहा मिनिटं चाललं की सिटाडेल लागते. १८३० च्या उठावानंतर झारने शहराला धाक बसावा म्हणून बांधलेला तो लालसर विटांचा किल्ला. १८६३ च्या पुढच्या उठावाचा नेता रोमुआल्द त्राउगुत याला १८६४ मध्ये तिथल्याच उतारावर फाशी दिली. आता मैदानासमोरच्या बागेला त्याचं नाव आहे आणि मॅचच्या आधी लोक तिथल्या बाकांवर निवांत बिअर पीत बसलेले दिसतात. (पोलीस आले की डबे जॅकेटमध्ये जातात.)

कोनविक्तोर्स्का रस्त्यावरचं मैदान १९२८ चं. तिथला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे व्लादिस्लाव श्चेपान्याक. १९३८ च्या वर्ल्डकपात स्ट्रासबर्गला पोलंड ब्राझीलशी जादा वेळेत ५-६ असा हरला, त्या संघाचा कप्तान. त्या मॅचमधल्या विलिमोव्स्कीच्या चार गोलांबद्दल सगळे बोलतात, कप्तान मात्र कुणाच्या लक्षात नसतो. पुढच्या वर्षी जर्मन आले. पोलिश लोकांना संघटित खेळ बंद. वॉर्सातले क्लब तरी चोरून खेळत राहिले, शहराच्या गुपचूप स्पर्धा भरवत राहिले, पोलोनियाही त्यात होती. ऑगस्ट १९४४ च्या उठावात जुनं शहर आणि त्याच्या उत्तरेचा झोलिबोश भाग यांच्यामध्ये ग्दान्स्क स्टेशनचे रूळ आडवे आले. ते ओलांडून दोन्ही भाग जोडायचा प्रयत्न रात्रीच्या हल्ल्यांत झाला, फसला आणि शेकडो माणसं गेली. मैदान त्या स्टेशनला लागूनच आहे, लढाई तिथेही झाली. त्यानंतर जर्मनांनी उरलेलं शहर पद्धतशीर पाडून टाकलं.

आणि १९४६ मध्ये, युद्धानंतरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कुणी जिंकली, तर या शहराच्या पोलोनियाने. स्वतःचं मैदान ढिगाऱ्यात, आणि संघात अजून श्चेपान्याक.

पुढचं मात्र मला लिहायलाही कंटाळा येतो, कारण ते फार ठरावीक आहे. नवी राजवट आली, क्लब सरकारी खात्यांना वाटले गेले. लेगिया लष्कराकडे, ग्वार्दिया पोलिसांकडे. पोलोनियाच्या वाट्याला रेल्वे आली आणि काही वर्षं नावसुद्धा 'कोलेयाश', म्हणजे रेल्वेवाला, असं झालं. लष्कराला हवा तो खेळाडू सैन्यभरतीच्या नावाखाली उचलता यायचा, रेल्वेकडे द्यायला काय होतं? १९५२ मध्ये पोलिश कप जिंकला आणि त्याच वर्षी संघ पहिल्या वर्गातून खालीही गेला. परत वर यायला १९९३ उजाडलं. एकेचाळीस वर्षं! बाप खालच्या लीगची मॅच बघत म्हातारा झाला आणि पोरगाही तीच बघत मोठा झाला, अशी घरं आहेत या भागात.

२००० चं विजेतेपद त्यामुळेच गोड. नायजेरियातून आलेला एमानुएल ओलिसादेबे गोल करत सुटला होता. विजेतेपद पक्कं झालं ते लेगियाच्याच मैदानावर, ३-० ने. त्याच उन्हाळ्यात ओलिसादेबेला पोलंडचं नागरिकत्व मिळालं आणि २००२ च्या वर्ल्डकपला तो पोलंडकडून खेळला. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत ग्रीसच्या पानाथिनायकोसने पोलोनियाला बाहेर काढलं आणि काही महिन्यांत ओलिसादेबेलाही घेऊन गेले.

खरा वाद सुरू होतो २००८ ला. संघ तेव्हा दुसऱ्या वर्गात. मालक बांधकाम व्यावसायिक युझेफ वोय्चेखोव्स्की. वर चढायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ग्रोजिस्क या गावच्या दिस्कोबोलिया क्लबशी विलीनीकरण करून पहिल्या वर्गातली त्यांची जागाच घेतली. त्या छोट्या गावाचा मोठा संघ रातोरात नाहीसा झाला. पुढे २०१२ मध्ये पोलोनिया नव्या मालकाकडे गेली, तेव्हा तीच जागा उचलून तीनशे किलोमीटरवरच्या कातोवित्सेला न्यायचा घाट घातला होता. तो बारगळला, पण वर्षभरात खेळाडूंचे पगार थकले, लीगचं लायसन्स नाकारलं गेलं आणि सहाव्या नंबरावर असलेला संघ २०१३ मध्ये थेट चौथ्या वर्गात.

मी कोल्हापूरचा. उद्या कुणी पैसेवाला उठून पाटाकडील तालमीची, म्हणजे आमच्या फुटबॉल संघाची, जागा उचलून सांगलीला द्यायला निघाला, तर शाहू स्टेडियमवर काय होईल ते मला नीट दिसतं. त्यामुळे माझं मत ठाम आहे. २००८ ते २०१३ ची पहिल्या वर्गातली पोलोनिया म्हणजे विकतची खुर्ची होती. खरी पोलोनिया चौथ्या वर्गात कुठल्याशा गावच्या, एकाच बाजूला बाक असलेल्या मैदानांवर खेळत होती. २०१६ ला चढली, २०१८ ला घसरली, २०२२ ला परत चढली, २०२३ ला दुसऱ्या वर्गात आली. हे सगळं खेळून मिळवलेलं.

हे मत मी गेल्या मॅचला खालच्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकवलं. आजोबा 'कामिएन्ना'वर, म्हणजे दगडी स्टँडवर बसतात, मीही त्यांच्या शेजारी. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सूर्यफुलाची बी धरायची, दाताने कट्, साल पुढच्या पायरीवर. मॅच संपेपर्यंत बुटांभोवती काळ्या-पांढऱ्या सालींचा थर होतो. आजोबांची नजर मैदानावरून हटत नाही आणि हातातली पुडी कधी सांडत नाही.

कोल्हापूरजवळच्या वालिवड्याला युद्धात पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते हे त्यांना माहीत आहे, वॉर्सातलं कोल्हापूरचं स्मारकही त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवलं. त्यामुळे माझ्या शब्दाला थोडा मान असतो.

"म्हणजे २००८ नंतर तुम्ही येतच नव्हता?" मी विचारलं.

"येत होतो की. दर मॅचला."

"विकतची जागा होती ना पण?"

"होती. पण लेगियाला हरवलं तेव्हा मी जागेची पावती बघत बसलो नव्हतो."

"आणि ग्रोजिस्कच्या लोकांचं काय?"

यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांचं वाईट झालं. माझ्या बायकोने त्या वर्षी मॅचला यायचं बंद केलं, तिचं मत तुझ्यासारखंच आहे. आमचं अजून त्यावरून भांडण होतं."

तेवढ्यात आमच्या गोलीने हातातला बॉल सोडला आणि आजोबांनी जे काय म्हटलं ते मला वर्गात शिकवलेल्या पोलिशमधलं नव्हतं. पुढच्या घरच्या मॅचला आजींनाही चला म्हणून विचारणार आहे. त्या आल्या तर माझी बाजू भक्कम होईल.