सहाचे अडीच करताना : मिनीला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बसवण्याचा माझा अनुभव

गाडी थंड असली की पहिल्या स्टार्टरला सुरू. पण गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली, की तिचे नखरे सुरू व्हायचे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा, स्टार्टर बराच वेळ मारायचा, मग काळा धूर सोडत एकदाची उठायची. आत बसलं की पेट्रोलचा वास. मिनीत हा वास लपत नाही. इंजिन आडवं बसवलेलं, कार्बोरेटर त्याच्या मागच्या अंगाला, म्हणजे मधे फक्त पत्रा आणि पलीकडे आपले पाय. आणि कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, लालबुंद नसला तरी पेट्रोलच्या थेंबाने विश्वास ठेवावा असा नक्कीच नाही.

माझी गाडी १९७६ची मिनी १०००. ९९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन आणि एकच एसयू एचएस ४ कार्बोरेटर. या गाडीला मुळात कॅमशाफ्टवर चालणारा मेकॅनिकल पंप असतो. तो इंजिनच्या मागे खालच्या बाजूला आहे, जिथे हात पोचतो पण पाना फिरत नाही. आधीच्या मालकाने तो काढून जागेवर पट्टी मारली होती आणि मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला होता. गाडी घेताना मला ही जमेची बाजू वाटली. चावी फिरवली की मागून टकटक आवाज येतो, कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरतं, महिनाभर उभी असलेली गाडीसुद्धा लगेच लागते. मग आणखी काय हवं?

पुढचे काही महिने मी कार्बोरेटरच्या मागे लागलो. प्लग काढले की काजळीने काळेभोर, म्हणजे मिश्रण रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. म्हणून जेटचा, म्हणजे ज्या नळीतून पेट्रोल हवेत ओढलं जातं तिचा, नट वर फिरवायचा, मिश्रण लीन करायचं, म्हणजे पेट्रोल कमी. आठ दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारा नवा नीडल व्हॉल्व्ह आणि त्याची सीट टाकली. फ्लोटची उंची तपासली: झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकण यांच्यामध्ये ३.२ मिलिमीटरचा ड्रिल बिट आडवा ठेवायचा, फ्लोट त्यावर नुसता टेकायला हवा. टेकत होता. चोकची केबल पूर्ण परत येते का, तेही पाहिलं. येत होती. तरी चेंबरच्या ओव्हरफ्लोच्या नळीचं टोक कायम ओलं.

खरी भीती वाटली ती ऑइलची डिपस्टिक हुंगली तेव्हा. पेट्रोल! जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या पोटातच आहे आणि दोघांना ऑइल एकच. म्हणजे पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगही चालणार आणि गिअरही. त्या दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलला आणि ठरवलं, आता नट फिरवणं बंद. आधी दाब मोजायचा.

इतके दिवस मी तो मोजलाच नव्हता, हे लिहिताना आज लाज वाटते. पण कार्बोरेटरच्या गाडीत दाब मोजायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दाब म्हटला की टायरचा.

कार्बोरेटरच्या आधी होजमध्ये टी-जोड टाकून गेज लावलं. पहिलं गेज ० ते १०० पीएसआयचं (दर चौरस इंचाला पाउंड) होतं. त्यावर काटा जरासा हलला आणि मेल्यासारखा पडून राहिला. मग ० ते १५चं आणलं. इंजिन आयडलिंगवर असताना त्यावर सहा दिसलं. एसयू कार्बोरेटरला दोन ते तीन पीएसआय पुष्कळ होतात.

इथे सगळा उलगडा झाला. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल येतं तेव्हा फ्लोट वर तरंगतो आणि बिजागरीच्या आधाराने नीडलला सीटमध्ये दाबून धरतो. त्याची ताकद किती, तर तो पोकळ प्लॅस्टिकचा तुकडा तरंगून जेवढी देईल तेवढी. पलीकडून पंप दुपटीने रेटा देत असेल तर नीडल उचलली जाणारच. मग चेंबरमधली पातळी ठरलेल्या रेषेच्या वर जाते, त्याबरोबर जेटमधली पातळीही चढते, आणि इंजिन बंद केल्यावरही पेट्रोल जेटमधून आत झिरपत राहतं. गरम गाडी सुरू न होण्याचं कारण हेच. मी नट वर करून आजाराचं औषध न देता ताप उतरवत होतो.

उपाय तीन होते. मूळचा मेकॅनिकल पंप परत बसवणं, कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप घेणं किंवा आहे त्या पंपापुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर टाकणं. मला विचाराल तर सगळ्यात नीट उपाय पहिलाच. ती गाडी तशीच घडवलेली आहे, इंजिन थांबलं की पंप थांबतो. पण चावी फिरवताच चेंबर भरण्याची मला सवय लागली होती आणि इंजिनमागे हात घालण्याचा उत्साह नव्हता. म्हणून रेग्युलेटर.

पहिला रेग्युलेटर चुकीचा आला, चूक माझीच. खोक्यावर '१ ते ५' लिहिलेलं पाहिलं आणि पुढचा शब्द वाचलाच नाही. तो होता बार. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी असतो तो. त्याला तिसरं तोंडही होतं, जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपसाठी. माझ्या गाडीत परतीचा पाइपच नाही. तो परत पाठवला आणि १ ते ५ पीएसआयचा, एक इनलेट आणि एक आउटलेट असलेला मागवला. आतली रचना साधी आहे: एक डायफ्रॅम, त्यावर स्प्रिंग, खाली व्हॉल्व्ह. आउटलेटकडचा दाब वाढला की डायफ्रॅम स्प्रिंगविरुद्ध सरकतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. दाब उतरला की उघडतो. वरचा स्क्रू आत घातला की स्प्रिंग आवळते आणि दाब वाढतो.

आता आट्यांची गोष्ट. रेग्युलेटरला होजसाठी जी निपलं लावायची ती माझ्याकडे आधीपासून होती, एक अष्टमांश इंची. रेग्युलेटरचं भोकही एक अष्टमांश. हाताने लावलं, दोन आटे छान गेले, मग घट्ट. मी म्हटलं पाइपचे आटे निमुळतेच असतात, आवळत जातात, पाना लावला. अर्धा फेरा आणखी गेला आणि हाताला एक कुरकुर जाणवली. ती ओळखीची होती, आणि वाईट. काढून पाहिलं तर ॲल्युमिनियमची बारीक कात निघालेली. निपल ब्रिटिश बीएसपी आट्यांचं, इंचाला २८, आणि रेग्युलेटर अमेरिकन एनपीटी, इंचाला २७. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. माप एकच लिहितात, व्यास जवळजवळ सारखाच, सुरुवातीला बसतातही, आणि इथेच माणूस फसतो. नशीब एवढंच की मी ते आउटलेटच्या जागी नाही, गेजसाठीच्या बाजूच्या भोकात लावून पाहत होतो आणि खालचे आटे शाबूत होते. एनपीटीचा टॅप अलगद फिरवून ते सरळ केले, कात वाऱ्याने उडवून भोक पेट्रोलने धुतलं. एक कण जरी आत राहिला असता तर थेट नीडलच्या सीटवर जाऊन बसला असता. मग योग्य निपलं आणली आणि पेट्रोलमध्ये न विरघळणारं सीलंट लावलं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप लावली नाही. तिचे तुकडे सुटून पेट्रोलबरोबर पुढे जातात.

बसवायची जागा शोधण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. कार्बोरेटरच्या जवळ हवा, पण मॅनिफोल्डच्या वर नको. स्टार्टरच्या सोलेनॉइडपासून लांब, कारण ठिणगी. बोनेट बंद होताना स्क्रू आपटायला नको. शेवटी उजव्या इनर विंगवर जागा मिळाली. पत्र्याला भोकं पाडल्यावर कडांना लगेच रंग लावला. जुन्या मिनीच्या पत्र्याला गंज धरायला निमित्तच हवं असतं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी मोकळ्यावर ढकलली, अग्निशामक शेजारी ठेवला आणि मगच होज कापला. कापलेला जुना होज आतून पाहिला तर भेगाच भेगा. वाकवला की काळी पावडर हाताला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. म्हणून बोनेटखालचा सगळा होज नवा टाकला, आर ९ दर्जाचा. क्लिपाही गोल पट्टीच्या घेतल्या. खाचांच्या पट्टीवाल्या साध्या क्लिपा एवढ्या बारीक होजला कापतात. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी.

दाब जुळवायला लेक मदतीला आली. स्क्रू आधी पूर्ण सैल केला, गाडी सुरू केली. ती गेज वाचत होती, मी स्क्रू फिरवत होतो.

"एक... सव्वा... दीड. बाबा, हळू फिरव ना! तीन झाले."

मी स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला.

"तीनच आहेत."

आणखी मागे घेतला. काटा जागचा हलेना. रेग्युलेटर खराब आला की काय, असं वाटून मी वैतागलो. लेक म्हणाली, "थांब जरा, उतरतोय." आणि काटा खरंच सावकाश खाली आला. रेग्युलेटर आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या होजमध्ये अडकलेल्या पेट्रोलला परतीची वाट नसते. इंजिन ते पिऊन टाकेल तेव्हाच दाब उतरणार. तेव्हापासून नियम केला, की नेहमी खालून वर चढायचं. जास्त झालं तर पूर्ण सैल करून पुन्हा पहिल्यापासून. इंजिन बंद आणि चावी चालू असताना काटा थोडा वर दिसतो, त्याच्यावर जायचं नाही. आयडलिंगचा आकडा खरा.

मी दीडवर ठेवलं. जितका कमी तितका सुरक्षित, असा माझा हिशेब. सपाट रस्त्यावर गाडी फुलासारखी चालली. मग एक लांब चढ आला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला आणि अर्ध्यात इंजिनने मान टाकली. पाय काढला की सावरायचं, दाबला की पुन्हा तेच. जोरात पिताना चेंबर भरण्याचा वेग पुरत नव्हता. घरी येऊन अडीच केलं, लॉकनट आवळला, पुन्हा त्याच चढावर नेली. एकदाही दम लागला नाही.

मात्र आता नवीनच प्रकार. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की कार्बोरेटरमधून उलटं फट्ट! मिश्रण लीन. आणि ते मीच केलेलं. महिनोन्महिने नट वर चढवत नेला होता ना. दाब चुकीचा असताना जुळवलेलं मिश्रण दाब बरोबर झाल्यावर चुकीचं ठरणारच. नट पूर्ण वर नेला आणि तिथून बारा कडा खाली घेतला, म्हणजे दोन फेरे. इंजिन गरम करून कार्बोरेटरमधला पिस्टन उचलणारी छोटी पिन किंचित वर दाबली: वेग जरासा वाढला आणि लगेच स्थिरावला. वाढून तसाच राहिला असता तर रिच, इंजिन मरायला लागलं असतं तर लीन. एक कड इकडे, एक तिकडे करून संपवलं.

गेज काढून त्या भोकात बूच लावलं. बोनेटच्या उष्णतेत कायम राहील असं ते गेज नव्हतं आणि पेट्रोलच्या वाटेवर जेवढे जोड कमी तेवढं बरं. पंपाच्या वायरमध्ये धक्का बसल्यावर वीज तोडणारा स्विचही तेव्हाच घातला. अपघातात इंजिन बंद पडलं तरी हा पंप पेट्रोल ढकलतच राहतो, हे आधीच्या मालकाला सुचलं नव्हतं, आणि इतके दिवस मलाही नाही.

दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढले. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग, चारही सारखे. ओव्हरफ्लोच्या नळीला बोट लावलं, कोरडं. डिपस्टिकही हुंगली. मग गरम गाडी बंद केली, घड्याळ लावून दहा मिनिटं तिथेच उभा राहिलो आणि चावी फिरवली.