तलावपाळीवर दोन कॅमेरे

शॉर्टफिल्मसाठी कॅमेरा घ्यायचाय, म्हणून आज संध्याकाळी दोन उसने कॅमेरे आणि मावसभावाला घेऊन ठाण्याची तलावपाळी गाठली. एक सोनीचा झेडव्ही-ई१०, दुसरा ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के.

सोनी हलका, फोकस आपला आपण धरतो. पण बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, आणि झपकन फिरवला की दिव्यांचे खांब झिंगल्यासारखे तिरके! ब्लॅकमॅजिकवर मात्र जीवच जडला. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचं जवळजवळ कच्चं चित्र ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये शूट केलं, तर पाण्यातला दिव्यांचा पिवळा रंग जसाच्या तसा. फक्त चालत्या माणसामागे फोकस स्वतःहून जात नाही, रिंग हातानेच फिरवायची. आणि बॅटरी? आमची भेळ, मग चहा होईतो निम्मी खलास. म्हणजे वर चार बॅटऱ्या, फुटेज साठवायला एसएसडी, कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट म्हणजे केज... कॅमेरा स्वस्त, बारसं महाग.

टपरीवरच्या जुन्या ट्यूबलाइटखाली स्क्रीनवर काळे पट्टे सरकायला लागले. मला वाटलं, उसना कॅमेरा बिघडवला! दादा म्हणाला, "अगं, शटर १/६० सेकंदावर आहे तुझं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्याच तालावर लुकलुकते. १/५० कर." केलं, पट्टे गायब. (हे त्याला कसं ठाऊक, तर लग्नाच्या शूटिंगची पाच वर्षं.)

घरी येऊन फुटेज लावलं. चित्र दोन्हीचं चालेल असं. आवाज? नुसते रिक्षांचे हॉर्न, दादाचा डायलॉग कुठेच नाही.

तर आधी कॉलर माइक आणि रेकॉर्डर घेतेय. कॅमेरा शूटच्या दिवसांपुरता भाड्याने. दादाला अजून सांगितलेलं नाही, त्याने ब्लॅकमॅजिकसाठी बॅगसुद्धा बघून ठेवलीय.