गोट्यांची मोजणी

काजूच्या धंद्यात मला क्यूसी म्हणतात, म्हणजे मालाची प्रत तपासणारा. कच्च्या बियांचा नमुना काढायचा, किलोत किती बिया बसतात ते मोजायचं, मग एकेक कापून ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते सांगायचं. याला आउटटर्न म्हणतात. कापताना विकणारा आणि घेणारा दोघंही समोर बसतात. आकडा पटला नाही तर तिसरा सर्व्हेयर बोलावतात. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात शिकलेलं हे काम मला गांबियाला घेऊन गेलं.

गांबिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली, नदीच्या दोन्ही काठांवरची चिंचोळी पट्टी. तीन बाजूंनी सेनेगल, चौथीकडं समुद्र. काजूचा हंगाम एप्रिल ते जून. जानेवारीत माझं काम बांजुल बंदराजवळच्या गोदामात ज्यूटच्या रिकाम्या पोत्यांच्या गासड्या मोजण्याचं. 2017 साली त्यातही लक्ष लागत नव्हतं.

तिथं मतदान गोट्यांनी होतं. प्रत्येक उमेदवाराचा रंग दिलेला पत्र्याचा पिंप, वर नळी, आत घंटी. गोटी पडली की एकदा टण्ण. दोनदा वाजलं तर बाहेर कळतं, म्हणून केंद्राजवळ सायकलींना बंदी. मोजताना गोट्या भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये ओततात. भोकं भरली की ठरलेला आकडा पुरा. आमच्या हिशेबनिसानं हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. तो म्हणाला, तुम्ही तरी दुसरं काय करता?

1 डिसेंबर 2016 ला ट्रे भरले आणि बावीस वर्षं खुर्चीवर असलेले राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह हरले, अडामा बॅरो जिंकले. दुसऱ्या दिवशी जामेह यांनी टीव्हीवर फोन करून त्यांचं अभिनंदनही केलं. मग 5 तारखेला आयोगानं आपण होऊन सांगितलं की बेरजेत चूक होती. सुधारित आकडे बॅरो 2,27,708 आणि जामेह 2,08,487. आघाडी घटली, निकाल तोच. चार दिवसांनी जामेह यांनी त्याच चुकीवर बोट ठेवून निवडणूकच अमान्य केली. मला विचाराल तर, स्वतःची चूक स्वतः सांगतो त्याचाच काटा मी खरा धरतो. लबाड माणूस बेरीज कधी दुरुस्त करत नाही. कोर्टात जावं तर सुप्रीम कोर्टात पुरेसे न्यायाधीशच नव्हते. ते बाहेरच्या देशांतून यायचे.

इथं तिसरा सर्व्हेयर आला तो इकोवास, पश्चिम आफ्रिकेतल्या तेव्हाच्या पंधरा देशांची संघटना. घटना मोडून मिळवलेली सत्ता चालणार नाही, असं तिनं 2001 च्या करारात लिहून ठेवलेलं. डिसेंबरात नायजेरिया, लायबेरिया, सिएरा लिओन आणि घानाचे राष्ट्राध्यक्ष समजावून गेले. उपयोग झाला नाही. कॉमनवेल्थला काही करता येण्यासारखं नव्हतं. जामेह यांनी 2013 मध्येच त्यातून अंग काढून घेतलेलं. सभासदच नाही, त्याला नोटीस कसली काढणार? शेजारातून मात्र असं उठून जाता येत नाही.

19 जानेवारी, गुरुवार. जामेह यांची मुदत मध्यरात्री संपलेली, आणीबाणी लागलेली, दुकानांची शटरं खाली. शेठचा मुंबईहून फोन: कुलूप लावा आणि सेनेगलमधल्या डाकारला निघा. पण आठवडाभर लोक बोचकी घेऊन सेनेगलकडं निघालेले आणि नदीपलीकडच्या बारा गावाला जाणाऱ्या फेरीबोटीला गर्दी. मी म्हटलं, गोदाम बघून येतो. डेंटन पुलावर वाळूच्या पोत्यांआड सैनिक. एकानं माझा कागद उलटा धरून बराच वेळ वाचला आणि विचारलं, "पोती विकता का?" मी म्हटलं, रिकामी आहेत. तो म्हणाला, "आमची भरलेली आहेत, घेऊन जा." हसला नाही. लष्करप्रमुख एव्हाना सांगून चुकले होते की असल्या भांडणात आपली माणसं घालणार नाही. त्या पोराचा चेहरा पाहून मला त्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

गोदामात आम्ही तिघं: मी, हिशेबनीस, वॉचमन. वॉचमनचा अताया उकळत होता. छोट्या ग्लासांतून वरून ओतून फेस काढायचा हिरवा चहा, तीन फेऱ्यांचा. तेवढ्यात आईचा फोन. "टीव्हीर दाखवतत, थंय लढाय लागतली. तू घराक ये." मी म्हटलं, आये, हंयसर चाय पितंय.

दुपारनंतर हिशेबनिसानं मोबाईल गासडीवर टेकवला. डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत, दाटीवाटीच्या एका खोलीत, बॅरो शपथ घेत होते. आपल्याच देशात शपथ घेता येत नाही असा राष्ट्राध्यक्ष. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा कुत्रा चावून त्याच आठवड्यात वारला होता आणि बापाला मातीला येता आलं नव्हतं, ही गोष्ट वॉचमन पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शपथ संपली तसा बाहेर आधी एक हॉर्न, मग दहा, मग मोजता येईनात. हिशेबनीस बॅरोंचं नाव मोठ्यानं म्हणाला. तीन वर्षांत त्याच्या तोंडून कुठल्याही राजकारण्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. जामेहनाही तो 'तो मोठा माणूस' म्हणायचा, तेही दाराकडं बघून.

त्याच संध्याकाळी सुरक्षा परिषदेनं इकोवासच्या पाठीशी ठराव केला आणि सेनेगलकडून फौजा आत आल्या. आल्या, आणि बोलणी व्हावीत म्हणून थांबल्या. गिनी आणि मॉरिटानियाचे राष्ट्राध्यक्ष येऊन बसले. 21 तारखेला रात्री जामेह विमानानं गेले. लढाई अशी झालीच नाही.

नंतर मी हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, संघटना असावी तर अशी. मला तितकं म्हणवत नाही. याच इकोवासमध्ये 2015 साली राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती असाव्यात असा प्रस्ताव आला होता. गांबिया आणि टोगो अडले आणि तो बारगळला. पुढं माली, बुर्किना फासो, नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा निर्बंध लावून, दम भरूनही काही हललं नाही, आणि 2025 च्या जानेवारीत ते तिघं बाहेरच पडले. गांबियात जमलं, कारण देश इवलासा, सेनेगलच्या कुशीत. फौज लढायला तयार नाही. आणि मुख्य म्हणजे गोट्या आधीच मोजून झालेल्या. नुसता सर्व्हेयर येऊन भागत नाही. कापायला नमुना लागतो.

सोमवारी गोदाम उघडलं आणि गासड्या पुन्हा मोजल्या, तर वहीपेक्षा बारा कमी. मी वैतागून म्हटलं, परत मोजा. हिशेबनिसानं पेन्सिल कानामागं अडकवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मोजतो. पण मिस्टर, आकडा बदलला तर तुम्ही मोजणीच रद्द करणार नाही ना?"

बारा गासड्या ताडपत्रीमागं सापडल्या.