काळोख नक्की कुठे सुरू होतो?

विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम टाकल्यावर लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली की आपल्याकडे बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. कुणाकडून तरी परत विंडोज टाकून घेतात, नाहीतर लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात नेतात. माझ्या भाचीने दुसरं केलं. तिथे तिला सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." लॅपटॉप उघडूनही न बघता. मला त्याचा अजून राग येतो, कारण लॅपटॉप ठणठणीत होता.

भाची गुहागर तालुक्यात राहते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप तिच्या चुलतभावाने दिलेला: इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी, शिवाय एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. म्हणजे कागदोपत्री हे मशीन बाद. चालतंबोलतं मशीन असं भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून मीच तिला लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, सुचवलं होतं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल तिने एकटीने केलं.

मी रत्नागिरीत. जयगडहून फेरीबोट धरली तरी जाण्यायेण्यात दिवस मोडतो, आणि पतसंस्थेत महिनाअखेर चालू होती. त्यामुळे जे काही करायचं ते फोनवर. अशा वेळी मी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवतो: काळोख नक्की कुठे सुरू होतो?

"बटण दाबल्यावर कंपनीचं नाव येतं का गं?"

"येतं. मग जातं, आणि मग काळंच."

मदरबोर्डची गोष्ट माझ्यापुरती इथेच मिटली. नाव दिसतं म्हणजे पडदा, त्याची केबल, मागचा उजेड, रॅम हे सगळं काम करतंय. तेसुद्धा दिसत नसतं तर मी लिनक्सचा विषयच सोडला असता. आपल्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीच्या टोकांवर थर चढतो. मग आधी बॅटरी काढून रॅम बाहेर घ्यायची, टोकं हलक्या हाताने पुसायची आणि नीट बसवायची.

"आता कॅप्स लॉक दाबून बघ, दिवा लागतो-विझतो?" लागत होता. म्हणजे काळ्या पडद्यामागे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे, अडकलेला नाही. "मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धर. पुसट काही दिसतं?" नाही म्हणाली. दिसलं असतं तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड बंद आहे असा अर्थ, आणि त्याचा उपाय निराळा. "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-टू एकदम दाब." काही नाही. साधा लिहायचा काळा पडदासुद्धा उमटेना, म्हणजे लॉगिनच्या खिडकीचा दोष नव्हता. काळोख त्याच्याही आधी, कर्नल ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेतो तिथे होता.

हे थोडं समजावून सांगायला हवं. पूर्वी पडद्याचं रेझोल्यूशन वगैरे नंतर सुरू होणारा ग्राफिक्सचा प्रोग्रॅम ठरवत असे. 2009 पासून हे काम हळूहळू कर्नलमध्येच आलं. चालू होता होता कर्नल कार्ड ओळखतो, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चढवतो आणि पडदा स्वतः मांडतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मिंटमध्ये सुरुवातीला नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर असतो. काही कार्डांशी त्याचं जमत नाही, आणि त्या क्षणी पडदा जातो. कर्नलला "तू पडदा मांडू नकोस, मशीनमधल्या मूळ फर्मवेअरने दिलेला आहे तसाच वापर" असं सांगायला एक शब्द आहे, नोमोडसेट.

"पण मामा, पेनड्राइव्हवर तर छान दिसत होतं!" हा प्रश्न तिने अगदी बरोबर विचारला. पेनड्राइव्हच्या मेनूत तिने कम्पॅटिबिलिटी मोड निवडला होता. त्या मोडमध्ये हाच शब्द आधीच घातलेला असतो. इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमला तो कुणी सांगितलाच नव्हता.

मग शब्द सांगायचं काम. कंपनीचं नाव येऊन जाताच एस्केप एकदाच दाबायचं, की ग्रबचा, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो. बायॉस हे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. पहिल्या ओळीवर असताना ई दाबायचं. खाली खाली जात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची. तिच्या शेवटाकडे क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द असतात, ते खोडून तिथे आपला शब्द. फोनवर एन आणि एम, डी आणि टी एकसारखेच ऐकू येतात, म्हणून मी सांगितलं: एन नारळाचा, ओ, एम मिठाचा, ओ, डी डब्याचा, ई, एस सुपारीचा, ई, टी टोपीचा. सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. मग एफ-टेन.

"आलं! मामा, आलं! पण अक्षरं केवढाली दिसतायत."

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि हा शब्द ग्रबमध्ये कायमचा लिहून टाकतात. मला ते पटत नाही. ही भर पावसात छपरावर टाकलेली ताडपत्री आहे, कौलं बदलायची राहतातच. असं मशीन चालतं, पण वेगळं कार्ड नुसतं पडून राहतं, व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो, उजेड कमीजास्त करायची बटणं बहुधा चालत नाहीत आणि कॉलेजचा प्रोजेक्टर जोडायचा म्हटलं तर पंचाईत.

म्हणून लगेच ड्रायव्हर. त्यांच्या घरात रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात मिळते. तिथे बसून तिने मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. मध्येच लाइट गेली, पण बॅटरीने साथ दिली. मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडून, ज्यापुढे शिफारस केल्याची खूण होती तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर निवडला. डाउनलोड काही शे एमबीचं, रेंजच्या मानाने लागायचा तेवढा वेळ लागला.

तिच्या मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे ओळख पटलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय, चालू होतं. अशा वेळी ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो बघून घाबरायचं नाही. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. कंटिन्यू बूट दाबून पुढे गेलात तर ड्रायव्हर चढणार नाही. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती गडबडली नाही.

रीस्टार्ट झालं ते पूर्ण रेझोल्यूशनमध्ये. ई दाबून लिहिलेला शब्द त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काढायचं काही नव्हतं. ज्यांनी तो ग्रबच्या फाइलमध्ये लिहिला असेल त्यांनी ड्रायव्हर बसल्यावर खोडावा आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवावी.

तिच्याकडून आणखी दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्या आहेत. मोठे अपडेट घेण्याआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने सिस्टिमची प्रत काढून ठेवायची. आणि नव्या कर्नलनंतर कधी पुन्हा असं झालं, तर ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा कर्नल असतो, त्यावरून मशीन चालू करायचं आणि मग मला फोन करायचा.