एका वाक्याचं भाषण

पाचवीत हजेरी सुरू झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. 'हजर' हा एवढासा शब्द, पण तो घशाबाहेर पडत नसे. बाकावरचा मित्रच माझ्या वतीनं "आलाय बाई" म्हणायचा. त्याआधी एकदा धडा वाचताना मी अडखळलो होतो, सगळा वर्ग हसला होता आणि तेव्हापासून माझं तोंडच मिटलं. "मुका हाय काय रं?" असं विचारणाऱ्यांचा मला आजही राग येतो. अबोल पोराच्या मनात उत्तर तयार असतं. सगळ्यांच्या नजरा वळल्या की ते जिभेवरच थिजतं.

आमच्या मराठीच्या बाईंनी मला "मोठ्यानं बोल" असं कधीच म्हटलं नाही. त्या मला शेजारच्या वर्गात खडू मागायला धाडत. मग नकाशा, मग निरोप. मधल्या सुट्टीत जिन्याखाली मला एक पान वाचायला लावत आणि स्वतः वह्या तपासत. त्या माझ्याकडं बघत नसत, म्हणून मला वाचता येई. पुढं तिथं बाकावरच्या मित्राला बसवलं, नंतर आणखी दोघांना. वर्गात प्रश्न विचारला की बाई थांबायच्या. बाकीच्यांचे हात वर आले, की म्हणायच्या, "हात खाली. त्याला वेळ लागू दे."

आमची म्हैस कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर असायची. धार काढून गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळता पेला द्यायचं काम माझं. बाईंना ते ठाऊक होतं. "तिथं भाव सांगतोस ना, तोच आवाज इथं आण," म्हणाल्या.

सहावीत २६ जूनला, शाहू जयंतीला, मला एकच वाक्य बोलायचं होतं, तेही माझ्या पसंतीचं. आठ दिवस गोठ्यात म्हशीपुढं घोकलं. "१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला..." इथं अडलो. मैदान गप्प. शेवटच्या रांगेमागं बाई उभ्या होत्या, वर्गात थांबायच्या तशाच. "...एक रुपया दंड केला."

संध्याकाळी कट्ट्यावर वडिलांना ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. दोन गिऱ्हाइकं पेला हातात तसाच धरून ऐकत उभी राहिली.